माणदेशातून सावित्रीकाठी

मंडळी, आज तुम्हाला एका प्रवासाची हकीकत सांगायची आहे. प्रवास काही काशी-रामेश्वराचा नाही. दोन दिवसांचा, दोनशे किलोमीटरांच्या आतबाहेरचा, आणि तोही माझ्या जुन्या फटफटीवरून. पण त्या प्रवासाला निघायला मला तीस वर्षांहून अधिक काळ लागला, म्हणून तो सांगावासा वाटतो. श्रोत्यांमध्ये जे माझे शिक्षक-बंधू आणि भगिनी असतील, त्यांनी तर जरा कान देऊनच ऐकावे, कारण सुरुवात वर्गातून आहे.

मी माण तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवीत असे. माण म्हणजे सातारा जिल्ह्याचा पूर्वेकडचा, पावसाच्या नावाने ठणठणीत असलेला भाग. उन्हाळ्याचे दिवस होते, गावात टँकर येत होता, आणि मी फळ्यावर लिहीत होतो : ‘महाबळेश्वर येथे कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री व सावित्री या पाच नद्या उगम पावतात.’ मागच्या रांगेतून एक पोरगा उठला. म्हणाला, ‘‘गुरुजी, पाच नद्या एकाच डोंगरातनं निघत्यात, तर त्यातली एक बी आपल्याकडं का येत न्हाई?’’

प्रश्न शंभर नंबरी होता, पण उत्तर मला ठाऊक नव्हते. मग असे होते तेव्हा मास्तर जे करतो, ते मी केले. म्हणालो, ‘‘तिला कार्ड टाक एक. म्हणावं, पाहुणी ये आमच्याकडं.’’ वर्ग खो-खो हसला. मीही हसलो. पोरगा खाली बसला, आणि वर्ष संपेपर्यंत त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. छडी मारली असती तर वळ दोन दिवसांत गेला असता.

मी नोकरीतून मोकळा झालो. तो पोरगा आता चांगला बापई माणूस झाला आहे, डाळिंबाची बाग करतो. गेल्या हिवाळ्यात बाजारात भेटला, वाकून पाया पडला, म्हणाला, ‘‘बरं हाय न्हवं गुरुजी?’’ त्या प्रश्नाचा त्याने शब्दही काढला नाही. पण मला घरी येईपर्यंत चैन पडेना. महाबळेश्वर माझ्या दारापासून सव्वाशे किलोमीटरांच्या आत, आणि मी तीस वर्षे ते नुसते फळ्यावर लिहिले! कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते. गुढीपाडवा झाला आणि मी फटफटी बाहेर काढली. प्लग साफ केला, ब्रेकच्या तारा ताणून घेतल्या, हवा पाहिली. घरातून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ‘‘या वयात हे काय खूळ’’ हे तीन जिन्नस मिळाले. ते घेऊन पहाटे निघालो.

चैत्रातला माणदेश पहाटे मोठा देखणा दिसतो, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. माळ बोडके असतात, पण लिंब मोहरलेला असतो. त्याचा कडू-गोड वास थंड हवेत रस्त्यावर उतरतो आणि फटफटीवर बसलेल्या माणसाच्या नाकात सरळ शिरतो. मोटारीत बसणाऱ्याला तो मिळत नाही, म्हणून मी फटफटीचा पक्षपाती. वाटेत मेंढरांचे कळप लागले. पुसेगावला येरळा ओलांडली. नदी म्हणायची ती, पात्रात वाळू आणि बाभळी. कोरेगावच्या अलीकडे हिरवे तुकडे दिसू लागले, आल्याचे वाफे, उसाची पट्टी, आणि हवा बदलली. गाडीवरच्या माणसाला पाण्याची चाहूल डोळ्यांच्या आधी गुडघ्यांना लागते. एकाएकी गुडघे गार पडतात, तेव्हा समजावे की ओढा किंवा पाट जवळ आहे.

साताऱ्याच्या अलीकडे माहुली लागते. इथे वेण्णा कृष्णेला मिळते. पाच बहिणींपैकी दोघींची भेट माझ्या रस्त्यातच होती आणि मी एवढी वर्षे एस. टी. तून पेंगत या पुलावरून गेलो होतो! गाडी उभी करून घाटावर उतरलो. देवळे दगडी, उन्हे कोवळी, पाणी गुडघाभर. शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधीही इथे दाखवतात. एका बाईला विचारले, ‘‘ताई, वेण्णा कंची न् कृष्णा कंची?’’ तिने धुणे आपटता आपटता दोन बोटे दोन दिशांना केली, आणि असे पाहिले की हा म्हातारा कुठल्या मुलखातून आला असेल!

पाचवडवरून वाईला गेलो. वाईबद्दल सांगायला बसलो तर आजची वेळ तेवढ्यातच संपेल. ढोल्या गणपतीचे देऊळ, मराठी विश्वकोशाचे काम जिथून चालते ते हेच गाव, आणि नदीच्या काठाने एकामागून एक घाट : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी. हिवाळा सरता सरता या घाटाघाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव चालतो. नदीला इथे नदी म्हणत नाहीत, ‘कृष्णाबाई’ म्हणतात, जशी घरातली थोरली बाई. फाल्गुनात रंगपंचमीला शेजारच्या बावधनला बगाड निघते. ते होऊन गेले होते, पण त्याच्या गप्पा हॉटेलात अजून चालल्या होत्या. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट पाहिला. तिथे वसईच्या मोहिमेतून आलेली म्हणून सांगतात ती मोठी घंटा आहे. पिंपळाची नवी तांबूस पाने पाण्यात उतरली होती. खरे सांगतो, तिथून हलू नये असे वाटले. पण मला उगम गाठायचा होता.

वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या आसपास आहे आणि पाचगणी तेराशेच्या आसपास. म्हणजे बारा किलोमीटरांत सहाशे मीटर चढायचे. हा पसरणीचा घाट. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे गाव. ज्यांच्या घरी रेडिओ होता त्यांना हा आवाज वेगळा सांगायला नको. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. घाई केली नाही. माझ्या गाडीचे वय आणि माझे वय मिळून घाई शोभत नाही. वळणावळणाला उजव्या हाताला दरी खोल जाते, आणि खाली धोम धरणाचे पाणी निळ्या पत्र्यासारखे पसरलेले दिसते. त्या पाण्याच्या दोन्ही अंगांना डोंगरांच्या सोंडा उतरलेल्या. त्या सोंडांवर पाहा, आडव्या रेघा दिसतात. जणू कोणी वहीला रूळ मारले आहेत. त्या रेघांकडे मी पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

चढावर पळस होता. ऐन फुललेला नाही, सरत आलेला. रस्त्याच्या कडेला केशरी सडा. वर पांगाऱ्याची लाल तुरे काढलेली निष्पर्ण झाडे, आणि मध्येच एखादी काटेसावर, खाली मांसल तांबडी फुले टाकून उभी. पाचगणी मागे टाकली की झाडी दाट होते. इथे अंजनाचे झाड आहे, लहानखुरे, आणि चैत्राच्या सुमाराला त्याच्या फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुले आली होती. त्यांचा वास म्हणजे मोगऱ्याची गावाकडची बहीण. जांभळाला मोहर आणि मोहरावर मधमाश्या. महाबळेश्वरचा मध उगीच नावाजलेला नाही. वाटेत भिलार लागते. ते २०१७ सालापासून ‘पुस्तकांचे गाव’ झाले आहे. घराघरांत पुस्तके ठेवली आहेत, जावे, बसावे, वाचावे, कोणी पैसे मागत नाही. शिक्षकांनी शाळेची सहल नुसती स्ट्रॉबेरी खायला नेऊ नये, तिथे एक तास बसवावी.

तिसऱ्या प्रहरी क्षेत्र महाबळेश्वरला, म्हणजे जुन्या महाबळेश्वरला पोचलो. बाजार आणि बंगले मागे राहतात, हे देवाचे गाव. पंचगंगेच्या देवळात दगडी भिंतीत ओळीने पाण्याची तोंडे आहेत. पाच नद्यांची पाच, शिवाय सरस्वती आणि भागीरथीची दोन. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी वाहते अशी श्रद्धा. सगळे पाणी एकत्र होऊन गोमुखातून कुंडात पडते. चैत्रात धार करंगळीएवढी होती. मी हात धरला. पाणी इतके गार की बोटे बधिर झाली.

आणि तिथे उभा राहून मला माझ्या फळ्यावरच्या वाक्यातली चूक दिसली. चूक खोटेपणाची नव्हती, अर्धवटपणाची होती. ‘पाच नद्या इथे उगम पावतात’ असे म्हटले की पोरांच्या डोळ्यांपुढे एक भांडे येते आणि त्याला पाच तोट्या. मग पोरगा विचारणारच, की पाचवी तोटी आमच्याकडे का फिरवत नाही! देवळातली तोंडे ही श्रद्धेची मांडणी आहे, आणि ती सुंदर आहे. डोंगराची मांडणी निराळी. माथ्यावर जांभ्या दगडाचे टोपण आहे. जांभा सच्छिद्र, सांजोऱ्याच्या आतल्या सारणासारखा भुसभुशीत. पावसाळाभर तो पाणी पितो आणि पुढे महिनेच्या महिने झऱ्यांवाटे सोडत राहतो. त्या झऱ्यांचे पाणी ज्या कडेने उतरेल, त्या कडेच्या नदीचे नाव त्याला मिळते. नदी तोटीतून येत नाही, उतारावरून येते.

जवळच कृष्णाबाईचे जुने देऊळ आहे, काळ्या दगडाचे, शेवाळलेले, अगदी दरीच्या काठावर. तिथे फार कोणी जात नाही, म्हणून मी आवर्जून सांगतो. समोर कृष्णेचे खोरे पूर्वेकडे उघडत जाते, आणि लांब खाली ते धोमचे पाणी पुन्हा दिसते, सकाळी पाहिलेले. गाडी तशीच पुढे रेटली ती रस्ता संपेपर्यंत. त्या टोकाला आर्थर सीट म्हणतात, पूर्वीचे नाव मढीमहाल. तिथे पश्चिमेला पाहिले आणि मंडळी, मी कठड्याला हात घट्ट धरला. पाऊण तासापूर्वी मी कृष्णेच्या काठावर उभा होतो, आणि आता पायाखाली सावित्रीचे खोरे होते, एकदम तुटलेले, हजार मीटर सरळ खाली. इकडचा डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी, सबुरीने उतरतो. तिकडचा कडेलोट होतो.

आता त्या आडव्या रेघा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला, थिजला, त्यावर पुन्हा आला, पुन्हा थिजला. घावनावर घावन रचावे तसे थर चढले. प्रत्येक थराची कड म्हणजे ती एक रेघ. पुढे हे पठार पूर्वेकडे कलते झाले, आणि पश्चिमेची बाजू समुद्राच्या अंगाने तुटली. तुटलेली कड पावसाने झिजत झिजत आत सरकत आली, ती आज जिथे आहे तिथे आपण तिला सह्याद्री म्हणतो. म्हणजे आपण पोरांना चित्र काढून दाखवतो तसा सह्याद्री हा दोन्हीकडे उतरलेल्या घराच्या पाख्यासारखा नाही. तो एका कलत्या टेबलाची तुटकी कड आहे. माझ्या सगळ्या नकाशांत मी तो पाखा काढला होता!

म्हणूनच कृष्णेचे वागणे समजते. ती निघते तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर. तो सोडून ती पूर्वेकडे वळते आणि चौदाशे किलोमीटरांच्या आसपास चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री शंभर किलोमीटरांच्या थोडी पुढे जाऊन हरिहरेश्वर-बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते, आणि तिची बहुतेक सगळी उतरण पहिल्या काही मैलांतच उरकते. वर्गात हे गणित घालून पाहा : वाईपर्यंत कृष्णा सहाशे मीटर उतरली, राहिलेले सातशे मीटर उतरायला तिच्याजवळ तेराशे किलोमीटरांहून अधिक वाट आहे. दर किलोमीटरला किती? पोरे उत्तर काढतील तेव्हा त्यांना कळेल, की पलीकडे आंध्रात ती एवढी संथ का वाहते.

आणि आमच्या माणचे काय? तेही त्या कठड्यावरच उमगले. संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला, दमट, आणि कड्यावर आपटून सरळ वर चढू लागला. टोप्या-रुमाल खाली टाकले तर वर येतात, असा तो वारा. पावसाळ्यात हाच वारा ढग घेऊन चढतो, चढताना गार होतो, आणि सगळे ओझे इथेच उतरवतो. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. अवघ्या वीस किलोमीटरांवर पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. वाईला सातशे-आठशे. आणि आमच्यापर्यंत येईतो झोळी झटकलेली, पाचशेच्याही आत. नदीचे म्हणाल तर कृष्णा आणि माण यांच्या मध्ये महादेवाच्या डोंगरांच्या सोंडा आहेत. आमचे असेल-नसेल ते पाणी माणगंगेतून भीमेला जाते आणि भीमा खाली रायचूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे कृष्णा आमच्याकडे येत नाही. आम्हीच, फार लांबून वळसा घालून, तिच्याकडे जातो. त्या पोराला एवढे सांगता आले असते.

रात्र महाबळेश्वरात काढली. थंडी चांगलीच होती. चैत्र आहे हे अंगाला पटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आंबेनळीच्या घाटाने खाली निघालो. इथे एक गोष्ट फटफटीवाल्यांसाठी. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी इंजिनावर धरा, ब्रेकवर नव्हे. उतारावर गाडी मोकळी सोडून पेट्रोल वाचवणारे शहाणे मी पाहिले आहेत. ब्रेक तापून हात दाबला तरी लागेना, म्हणजे वाचलेल्या पेट्रोलचा हिशोब विसरायला होतो. हा घाट थट्टेचा नाही. २८ जुलै २०१८ रोजी इथेच एक बस दरीत जाऊन तीसेक माणसे गेली. वळणावर आलो की मी हॉर्न देत होतो आणि मनात हात जोडत होतो.

घाटाचा वरचा भाग दाट रानाचा. कुसुमाच्या झाडांना नवी पालवी लाल फुटलेली, लांबून वाटावे फुलेच आहेत. तांबट पक्ष्याची टुक-टुक चालू. दोन-तीन वळणे उतरलो आणि वास आला. हा वास लिंबाचा नव्हता की करवंदीचा. धुराचा होता.

पुढच्या सोंडेवर वणवा लागला होता. ज्वाळा मोठ्या नव्हत्या, गवताच्या, वीतभर. पण रांग धरून वर सरकत होत्या, आणि वर रान होते. एक बाप्या आणि दोन बाया हिरव्या फांद्या घेऊन झोडपत होत्या. गाडीत पेट्रोल, म्हणून ती मागे लांब वळणावर उभी केली आणि धावलो. हाताला लागली ती फांदी उचलली. त्यातली म्हातारी ओरडली, ‘‘आवो बाबा, वाळकी नगं, हिरवी घ्या! वाळकीनं इस्तू वाढतुया!’’ तीस वर्षे शिकवण्यात घालवली, आणि फांदी कोणती घ्यावी हे मला तिने शिकवले. तासभर झोडपले तेव्हा रांग तुटली. माझ्या भुवया थोड्या जळाल्या, त्या घरी गेल्यावर बोलणी खायला उपयोगी पडल्या.

बसून पाणी पिताना विचारले, कोणी लावला? बाप्या म्हणाला, कोण सांगणार? विडी टाकली असंल, न्हाईतर गवत चांगलं येतं म्हणून कोणी पेटवलं असंल. दर साल फाल्गुन-चैत्रात हेच. गवताचे म्हणाल तर काळ्या पडलेल्या सोंडेवर पहिल्या पावसाला हिरवे कोंब लवकर दिसतात, म्हणून माणसाला वाटते की राखेने जोम धरला. पण त्याच राखेत रोपे जातात, पक्ष्यांची घरटी जातात, आणि उघडी माती राहते. आणि पाऊस कसला? २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. आमच्या माणला वर्षभरातही तेवढा पडत नाही! त्या पावसात हा घाटरस्ता ठिकठिकाणी वाहून गेला, आणि २२ जुलैला खाली महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. ती दरड वणव्याने आली असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला मला आधार नाही. पण जी माती एवढ्या पावसाखाली उभी राहायची आहे, तिच्या अंगावरचे पांघरूण आपण होऊन जाळायचे, हे मला समजत नाही. त्या म्हातारीला समजत होते. तिला कोणी बोलावले नव्हते, सरपण टाकून ती आली होती.

खाली वाडा-कुंभरोशीकडे उतरलो तेव्हा आणखी एक गंमत कळली. महाबळेश्वर उतरले की कोकण, असे मी धरून चाललो होतो. तसे नाही. मध्ये कोयनेचे खोरे आहे. हीच ती जावळी. रस्त्यावरून थोडे आत पार गावापाशी कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आहे, तो मुद्दाम जाऊन पाहिला. चुन्यात बसवलेले दगड, पुराला तोंड देत अजून उभे. खाली कोयना म्हणजे दगडांतून उड्या मारणारे पोरसवदा पाणी, पायाचे घोटे भिजतील एवढे. हीच पुढे दक्षिणेकडे पळते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेच्या समोरासमोर येऊन मिळते. वर प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९ ची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. पण ती गोष्ट इथेच का घडली, हे या झाडीत उभे राहिल्याखेरीज कळत नाही. मोठ्या फौजेला इथे पाय पसरायला जागाच नाही.

खरी पाण्याची वाट बदलते ती गडाच्या फाट्याच्या पुढे, खिंडीत. इकडचे पाणी कोयनेला, म्हणजे बंगालच्या उपसागराला. तिकडचे सावित्रीला, म्हणजे अरबी समुद्राला. मी बाटली काढली आणि थोडे पाणी या अंगाला, थोडे त्या अंगाला ओतले. शिक्षकाची खोड! दोन्हीकडच्या तापलेल्या मातीने ते जागच्या जागी पिऊन टाकले. ना तो समुद्र, ना हा.

तिथून पोलादपूरपर्यंत उतार. दर वळणाला हवा गरम होत गेली. अंगातला स्वेटर काढला, मग रुमाल काढला, मग शर्टाची बटणे. आंबे लगडलेले, काजूला बोंडे, कौलारू घरे. पोलादपूरला सावित्रीत उतरून तोंड धुतले. दगडगोट्यांतून वाहणारी, खेळती, निरागस नदी. हिनेच खाली महाडजवळ २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ब्रिटिश आमदानीतला पूल माणसांसकट नेला. चैत्रात तिच्याकडे पाहून हे खरे वाटणार नाही. म्हणून नदी उन्हाळ्यातच पाहावी. तिचे पात्र किती रुंद आहे आणि पाणी किती, हे तेव्हाच दिसते. पात्र खोटे बोलत नाही. तेवढे पाणी ते कधी ना कधी भरते.

काठावर बसून मी त्या माझ्या विद्यार्थ्याला फोन लावला. म्हणालो, तुझ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन बसलोय. आधी त्याला आठवेना. मग म्हणाला, ‘‘कार्ड टाक म्हणाला हुता, त्योच न्हवं?’’ म्हणजे आठवत होते. मी त्याला सगळे सांगितले : टेबलाची कड, वाऱ्याची झोळी, माणगंगा, भीमा. आणि चुकलो होतो हेही सांगितले. तो मुकाट्याने ऐकत होता. मग मी उत्साहाने आणखी सांगितले, की निसर्गाने कोयनेला पूर्वेला धाडले, तरी माणसाने तिचे पुष्कळसे पाणी बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात सोडले आहे. सगळे टप्पे धरून १९६० मेगावॅटची वीज त्यावर होते, आणि पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. आणि उरमोडीचे पाणी पंपाने चढवून आपल्या माण-खटावाकडे आणले आहे. म्हणजे पश्चिमेला सोडलेल्या पाण्याची वीज, आणि विजेवर पूर्वेला चढवलेले पाणी!

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, ‘‘हे ब्येस झालं गुरुजी. आता आणिक एक सांगा. त्यो डोंगर पाणी फुकाट खाली सोडतुया. आमच्याकडं त्येच पाणी चढवायचं बिल येतं. त्ये किती दिस आम्ही भरायचं, आन् न्हाई भरलं तर पाणी कुणाकडं वळणार?’’

मी म्हणालो, विचारून सांगतो. आणि फटफटीला किक मारली.